वय किती, एवढंच विचारा

महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेली माणसं इतकी आहेत की निसर्गाच्या हिशेबात ती बसायची नाहीत. साठीपुढच्या मंडळींच्या कुठल्याही व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या दिवशी सकाळपासून गुच्छांची रांग लागते, आणि ज्यांचा वाढदिवस तेच सांगतात की हा आमचा नव्हे, गुरुजींनी दिलेला. शाळेत नाव घालायला आणलेल्या पोराची तारीख आईला सांगता यायची नाही. ‘आगोटीच्या तोंडावर झाला’, ‘थोरलीच्या पाठीवर दोन वर्षांनी’ एवढीच खूण. मग गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावायला सांगत. लागला की सहा पूर्ण. शाळा जूनमध्ये भरायची, म्हणून तारीख १ जून. त्या अंदाजावर पुढे शाळा सोडल्याचा दाखला निघाला, नोकरी लागली, निवृत्ती झाली, पेन्शन बसलं. गंमत अशी की ऑक्टोबर २०२४मध्ये अपघाताच्या नुकसानभरपाईच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, आधार कार्ड हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे. वय ठरवायला शाळेचा दाखलाच अधिक भरवशाचा. गुरुजींचा अंदाज अजून आधारला भारी पडतो आहे.

हात कानाला लावायची ती परीक्षा आता नव्या वेषात परत आली आहे. रोब्लॉक्स हे मुलांच्या खेळांचं प्रचंड आभासी जग. २०२५मध्ये तिथे रोज येणाऱ्यांची संख्या दहा कोटींच्या वर गेली. मुलं तिथे स्वतःचा अवतार घेतात, घरं बांधतात, दुकानं मांडतात, शर्यती लावतात आणि मुख्य म्हणजे गप्पा मारतात. जानेवारी २०२६पासून त्या गप्पांना कुलूप लागलं. कुलूप उघडायचं तर फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरायचा, सांगेल तशी मान वळवायची. यंत्र चेहरा बघून वयाचा गट ठरवतं आणि साधारण त्याच वयाच्या लोकांशी बोलायची मुभा देतं. हे काम पर्सोना नावाची दुसरी कंपनी करते. पडताळणी झाल्यावर चित्र लगेच पुसून टाकतो, असं रोब्लॉक्स सांगतं.

कुलूप लावण्याचं कारण खोटं नाही. ऑक्टोबर २०२५मध्ये मुंबईत पोलीस महासंचालक कार्यालयात सायबर जागृतीच्या कार्यक्रमात अभिनेता अक्षय कुमारने आपल्या घरातली गोष्ट सांगितली होती. त्याची मुलगी ऑनलाइन खेळत होती. समोरचा अनोळखी खेळाडू आधी ‘छान खेळलीस’ वगैरे म्हणाला, मग ‘मुलगा की मुलगी’ असं विचारलं, आणि थोड्या वेळाने तिचे नग्न फोटो मागितले. मुलीने खेळ बंद केला आणि आईला सांगितलं. मुख्यमंत्री व्यासपीठावर होते. सातवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातून सायबरचा एक तास असावा, अशी मागणी त्याने तिथेच केली. ज्या घरात मुलगी आईला सांगू शकते ते घर सुदैवी. बाकीच्यांचं काय, हा प्रश्न खराच आहे. म्हणून ‘मुलांच्या खासगीपणाच्या नावाखाली वयाची चौकशीच नको’ असं म्हणणाऱ्यांशी हा लेख सहमत नाही. भांडण वेगळ्या ठिकाणी आहे. दारावर ‘वय किती’ एवढाच प्रश्न असतो, पण उत्तर म्हणून नाव, गाव, चेहरा, आधार, बापाचा मोबाइल नंबर असं सगळं काढून घेतलं जातं. हे दोन व्यवहार एकमेकांपासून सोडवता येतात. ते सोडवायची तसदी मात्र कुणी घेत नाही.

हा वाद काल-परवाचा नाही. २००३ साली सुरू झालेल्या ‘सेकंड लाइफ’ या आभासी जगात २००७मध्येच तो पेटला होता. जर्मनीतल्या एका वाहिनीने तिथे लहान मुलांच्या अवतारांशी चाललेले लैंगिक प्रकार उघड केले आणि लिंडन लॅब या चालक कंपनीने प्रौढांच्या विभागांसाठी वयाची पडताळणी जाहीर केली. काम दिलं अॅरिस्टॉटल नावाच्या कंपनीला. अमेरिकेत ही कंपनी ओळखली जाते ती मतदारांच्या याद्या आणि राजकीय माहिती विकण्यासाठी. वय तपासणारा हाच, आणि माहितीचा बाजार मांडणाराही हाच! तिथल्या रहिवाशांनी आरडाओरडा केला यात नवल काय? त्यांच्यात चाळिशी-पन्नाशीचे लोक होते, शिक्षक होते, आजारी होते, घराबाहेर पडू न शकणारे होते. अठराच्या वर आहोत हे सांगायला त्यांची ना नव्हती. रात्री आपण ज्या अवताराने हिंडतो तो आणि दिवसा ज्या नावाने नोकरी करतो ते, हे दोन्ही एका ओळीत कुठेतरी लिहून ठेवलं जाईल, हे त्यांना खुपत होतं.

रत्नागिरीसारख्या गावात हे खुपणं समजायला सोपं आहे. इथे अनोळखी मुलगा वाडीत दिसला की पहिला प्रश्न ‘कुणाचा रे तू?’ असाच येतो. नाव सांगितलं की आडनाव, आडनावावरून वाडी, वाडीवरून मामाचं गाव. मांडवीच्या जेट्टीवर संध्याकाळी कोण कुणाबरोबर उभं होतं ते जेवायच्या वेळेपर्यंत घरी कळलेलं असतं. ही माया असते आणि पहाराही असतो. अशा गावातल्या सोळा वर्षांच्या मुलीला आभासी जगात पहिल्यांदा अशी जागा मिळते, जिथे ती कुणाची नात नाही, कुणाची बहीण नाही. पुष्कळ मुली खेळताना मुलाचं नाव घेतात. मुलीचं नाव दिसलं की समोरून काय काय येतं हे त्यांना ठाऊक असतं. म्हणजे खोटं नाव हे त्यांचं चिलखत आहे. आधार दाखवून आत यायला सांगणारा हेच चिलखत दारावर उतरवून ठेवायला सांगतो.

कोकणातल्या आभासी जगाच्या दारावर वही पहिल्यांदा आली ती नेट कॅफेच्या काळात. एप्रिल २०११मध्ये केंद्र सरकारने सायबर कॅफेसाठी नियम केले: ओळखपत्र बघायचं, त्याची प्रत ठेवायची, नोंदवही निदान एक वर्ष जपायची, ओळखपत्र नसलेल्या अल्पवयीन मुलाला मोठ्या माणसाबरोबरच आत घ्यायचं. आडोशाची उंची साडेचार फुटांपेक्षा जास्त नको, हेही त्यात लिहिलं होतं. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे दहशतवादी होते. काउंटरवर प्रत्यक्षात काय असायचं? दोऱ्याने पेन बांधलेली एक उघडी वही. नाव, पत्ता, मोबाइल नंबर, वेळ, सही. मागे रांगेत उभ्या असलेल्या कुणालाही आधीच्या पंधरा जणांचे नंबर वाचता येत. कॉलेजच्या अर्जाची प्रिंट काढायला आलेल्या मुलीने लिहिलेला नंबर संध्याकाळी ‘हाय’ घेऊन परत यायचा. वही कॅफेवाल्याच्या ड्रॉवरमध्ये, मग माळ्यावर, मग रद्दीत. झेरॉक्सच्या दुकानात आजही तेच: काचेवर आधार पालथं पडतं, पहिली प्रत काळी आली म्हणून बाजूच्या खोक्यात जाते, दुसरी गिऱ्हाइकाला मिळते. त्या खोक्यात दिवसाअखेर किती घरांचे आकडे साठतात हे कुणी बघत नाही. मे २०२२मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूरू कार्यालयाने ‘आधारच्या प्रती वाटेल त्याला देऊ नका’ अशी सूचना काढली होती. गोंधळ होईल म्हणून ती दोनच दिवसांत मागे घेतली गेली. सूचना शहाणपणाची होती.

यंत्र आलं म्हणून वही गेली, असं मात्र झालं नाही. ब्रिटनमध्ये २५ जुलै २०२५पासून काही ऑनलाइन सेवांना वयाची पडताळणी सक्तीची झाली. खेळाडूंच्या गप्पांचा अड्डा असलेल्या डिस्कॉर्डनेही चेहरा तपासायला सुरुवात केली. पोरांनी त्यावर पहिला उतारा शोधला तो ‘डेथ स्ट्रँडिंग’ या खेळातल्या दाढीवाल्या नायकाचा: त्याचा चेहरा पडद्यावर आणायचा, सांगेल तसं तोंड उघडायला लावायचं आणि कॅमेऱ्यापुढे धरायचं. यंत्राने त्याला बिनदिक्कत प्रौढ ठरवलं. इथवर हसण्यावारी न्यायची गोष्ट. पण ऑक्टोबर २०२५मध्ये डिस्कॉर्डला जाहीर करावं लागलं की त्यांच्या ग्राहकसेवेचं काम बघणाऱ्या एका बाहेरच्या कंपनीतून माहिती चोरीला गेली असून सुमारे ७०,००० लोकांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो त्यात असू शकतात.

चित्रं तर पुसली जाणार होती, मग हे फोटो आले कुठून? इथे जरा थांबलं पाहिजे, कारण सगळ्या यंत्रणेचं खरं दुखणं इथेच आहे. चेहरा बघणारं यंत्र ज्यांना बरोबर ओळखतं त्यांचं काम मिनिटात होतं आणि त्यांचं काही मागे उरत नाही. ज्यांना ते चुकीचं ओळखतं त्यांना सांगतात, तक्रार करा. तक्रार म्हणजे ओळखपत्राचा फोटो पाठवा. तो फोटो ग्राहकसेवेच्या तिकिटाला चिकटतो, तिकीट कुठल्या तरी ठेकेदाराच्या संगणकात राहतं, ठेकेदाराचा माणूस ते उघडून बघतो. राजरस्ता झाडलेला असतो, कचरा साठतो बोळात. आणि बोळात ढकलले कोण जातात? लहान चणीच्या बायका, दाढी न फुटलेले पुरुष, अंधाऱ्या खोलीत साध्या फोनवर चेहरा दाखवणारे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने मे २०२४मध्ये अशा सहा प्रणालींचा अहवाल दिला, त्यात स्त्रियांच्या चेहऱ्यांच्या बाबतीत चूक जवळजवळ नेहमीच अधिक निघाली. चांगल्यात चांगल्या प्रणालीचा अंदाजही सरासरी तीनेक वर्षांनी हुकत होता. आपल्याकडे न्यायालयंसुद्धा हाडांच्या तपासणीतून काढलेल्या वयात दोन वर्षं इकडे-तिकडे धरून चालतात, आणि तिथे तर क्ष-किरण असतो, डॉक्टर असतो. पंधरा आणि अठरातला फरक फोनच्या कॅमेऱ्याला कळतो असं मानणं हे गुरुजींच्या हात-कानापेक्षा फार पुढचं शास्त्र नव्हे. गुरुजी निदान पोराचा फोटो काढून मुंबईच्या ठेकेदाराकडे पाठवत नव्हते.

रोब्लॉक्सच्या सक्तीनंतर पहिल्या महिन्यातच पडताळणी झालेली खाती विकायला निघाल्याच्या बातम्या आल्या. कित्येक आई-बापांनी मुलाऐवजी स्वतःचाच चेहरा पुढे केला, त्यामुळे मुलांची नोंद प्रौढ म्हणून झाली. आता तो मुलगा मोठ्यांच्या गटात, मोठ्यांशी गप्पा मारायला मोकळा.

वय, कायदा आणि घराचा उंबरठा यांचं भांडण महाराष्ट्राला मुळीच नवीन नाही, आणि त्या जुन्या भांडणाचा सर्वांत मोठा वकील रत्नागिरीतच जन्मला. ते भांडण म्हणजे १८९१चा संमतिवयाचा कायदा. कलकत्त्यात फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने मेली, १८९०मध्ये खटला गाजला, आणि संमतीचं वय दहावरून बारावर नेणारा कायदा १९ मार्च १८९१ला संमत झाला. टिळकांचा जन्म १८५६चा, रत्नागिरीच्या मधल्या आळीतला. ‘केसरी’तून त्यांनी या विधेयकाला कडाडून विरोध केला. बालविवाहाचे ते कैवारी नव्हते. सुधारकांनी मुलींची लग्नं सोळाच्या आत करणार नाही असं स्वतःवर बंधन घालून घ्यावं, असं उलट आव्हान त्यांनी दिलं होतं. परक्या सरकारने घरात शिरू नये, हा त्यांचा मुद्दा. आगरकर ‘सुधारक’मधून दुसऱ्या बाजूला होते. ज्यांचं शिक्षण रत्नागिरीच्या शाळेतून पुढे गेलं ते रामकृष्ण गोपाळ भांडारकर धर्मशास्त्राचे आधार काढून विधेयकाच्या बाजूने उभे होते.

विरोधकांच्या आक्षेपांपैकी एक आज वाचताना चमकायला होतं. जन्माच्या नोंदी नाहीत, मग मुलगी बारा वर्षांची आहे की नाही हे ठरवणार कोण? पोलीस घरात येणार, डॉक्टर मुलीला तपासणार, शेजारी वैर काढणार. या आक्षेपात तथ्य होतं आणि त्याचा वापर वाईट कामासाठी झाला, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. घराच्या खासगीपणाची ढाल तेव्हा नवऱ्याच्या हातात होती. उघडी पडली होती ती फुलमणी. आज खासगीपणाची बाजू मांडणाऱ्यांनी हा इतिहास विसरून चालणार नाही. मुलाचा खासगीपणा आणि मुलाला गाठू पाहणाऱ्याचा खासगीपणा एका मापाने मोजता येत नाही.

पण सरकारने त्या आक्षेपाचं काय केलं तेही बघण्यासारखं आहे. कायदा मागे घेतला नाही, आणि आक्षेप उडवूनही लावला नाही. नवऱ्याविरुद्धच्या अशा गुन्ह्याचा तपास निरीक्षकाच्या हुद्द्याखालच्या पोलिसाने करायचा नाही, अशी तजवीज फौजदारी प्रक्रियेत केली गेली. म्हणजे डोकवायचं असेल तर डोकावेल कोण, हे ठरवून दिलं. त्याने मुलींचं किती भलं झालं हा वेगळा विषय. व्यवहारात कायदा लुळाच राहिला. तरी वय तपासण्याच्या कायद्यात तपासणाऱ्याचा हात कुठवर जाईल हे लिहून ठेवावं लागतं, एवढी जाण १८९१च्या गोऱ्या सरकारलाही होती.

आता २०२५चं बघू. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि त्यातल्या मुख्य तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत आहे, म्हणजे २०२७च्या मे महिन्यापर्यंत. कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणे अठरा वर्षांखालच्या कुणाचीही माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. मुलांवर पाळत ठेवायची नाही, त्यांना हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत, हेही त्यात आहे, आणि ते चांगलंच आहे. मोडल्यास दंड २०० कोटींपर्यंत. अमेरिकेत १९९८च्या कायद्याने ही रेघ तेराव्या वर्षावर आखली, युरोपात देशागणिक ती तेरा ते सोळाच्या मध्ये आहे. आपण सरसकट अठरा धरलं. सहा वर्षांचं पोर आणि सतरा वर्षांची सीईटीला बसणारी मुलगी कायद्याच्या लेखी एकाच बाकावर. सोळाव्या वर्षी बिनगिअरच्या दुचाकीचा परवाना मिळतो. आभासी शेतात भोपळे लावायला मात्र वडिलांची सही.

सही तरी कशी घ्यायची? नियम सांगतो: जो स्वतःला पालक म्हणवतो तो प्रौढ आहे आणि त्याची ओळख पटते, एवढं कंपनीने पाहायचं. ओळख आणि वय यांचा तपशील कंपनीकडे आधीच असेल तर तो चालेल, नसेल तर द्यायचा, किंवा डिजिलॉकरसारख्या सेवेतून टोकन आणायचं. हे वाचताना दोन गोष्टी सुटत नाहीत. मुलानेच आपण अठराच्या आत असल्याचं सांगितलं तर पुढचं सगळं सुरू होतं. ‘मी वीस वर्षांचा’ म्हणणाऱ्याची गाठ या नियमाशी पडतच नाही. दुसरं, तो प्रौढ खरोखर या मुलाचा बाप आहे का, हे कुणी बघत नाही. शेजारचा दादा चालेल. ज्या माणसापासून मुलीला वाचवायचं आहे, तो स्वतः पालक बनून आला तरी चालेल. पारदर्शी जाळीचं दार, आणि त्याला किल्ली म्हणून आधार!

याची रंगीत तालीम आपल्याकडे होऊन गेली आहे. सप्टेंबर २०२०मध्ये पबजीवर बंदी आली, जुलै २०२१मध्ये बीजीएमआय या नावाने ते जग पुन्हा उघडलं. अठराखालच्यांनी पालकांचा मोबाइल नंबर द्यायचा, ओटीपी टाकायचा, दिवसाला तीनच तास खेळायचं, ७,००० रुपयांच्या वर खर्च नाही. कागदावर उत्तम. प्रत्यक्ष कोकणी घर कसं असतं? बाप मुंबईला चाकरमानी, नाहीतर खेड-चिपळूणकडचा असेल तर कुवेतला किंवा कतारला. सिम काकाच्या नावावर. फोन आजीच्या उशाशी. नातू ओरडतो, ‘आजी, नंबर आला काय बघ.’ आजी चष्मा लावते आणि सहा आकडे एकेक करून वाचून दाखवते. कशाचा आकडा, ती विचारत नाही. गॅसचा आकडा येतो, रेशनचा येतो, बँकेचा येतो, तसाच हा. पडताळता येण्याजोगी पालकांची संमती घेऊन झाली. यात आजीला दोष देण्यासारखं काही नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत सगळ्या खिडक्यांवर तिला हेच शिकवलं गेलं की आकडा मागितला की द्यायचा.

शाळासुद्धा यात मागे नाही. २०१५पासून ‘सरल’ पोर्टलवर मुलांची माहिती भरली जाते, मग आधार जोडणं आलं, आता बारा आकडी ‘अपार’ क्रमांक आला. त्याला पालकांचं संमतिपत्र लागतं. ते घरी येतं ते सहीची जागा फुलीने दाखवून. संमती नाकारता येते, हे किती पालकांना सांगितलं गेलं? मूल दहावीला पोचेपर्यंत त्याच्याविषयी इतक्या ठिकाणी इतकं लिहिलेलं असतं की खेळाच्या कंपनीने आणखी थोडं मागितलं तर कुणाला काही वाटत नाही.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२मध्ये वेगळीच वाट काढली. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही-मोबाइल बंद होतात. मुलं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं पुस्तक उघडतात किंवा गप्पा मारतात. कुणाचं आधार मागितलं नाही, कुणाचा चेहरा मोजला नाही. त्याच वर्षी यवतमाळच्या पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने ठराव करून अठराखालच्यांना मोबाइलबंदी केली. पहिली गोष्ट अधिक शहाणी, कारण भोंगा बापालाही लागू आहे. दुसऱ्या ठरावातला धोका असा की गावाची नजर मुलांवर जितकी असते त्याच्या दुप्पट मुलींवर असते, आणि मोबाइल काढून घेण्याचं निमित्त मिळालं की तो आधी कुणाचा जातो हे सांगायला नको. तरीही या दोन गावांनी एक गोष्ट दाखवली: वेळ, जागा आणि सवय यांवर बंधन घालता येतं, माणसाची फाईल न उघडता. अर्थात रात्री साडेदहाला पांघरुणाखाली येणाऱ्या अनोळखी माणसाला देवळाचा भोंगा ऐकू जात नाही. तिथे कंपनीच्या दारावरच काहीतरी हवं.

ते काहीतरी तंत्रज्ञांनी तयारही केलं आहे. युरोपीय आयोगाने जुलै २०२५मध्ये वयपडताळणीच्या अॅपचा नमुना प्रसिद्ध केला आणि डेन्मार्क, फ्रान्स, ग्रीस, इटली, स्पेन यांनी तो वापरून बघायला घेतला. कल्पना साधी आहे. सरकार किंवा बँक एकदा वय तपासते आणि तुमच्या फोनमध्ये एक चिठ्ठी ठेवते. संकेतस्थळाने विचारलं तर फोन ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच सांगतो. चिठ्ठी देणाऱ्याला ती कुठे वापरली ते कळत नाही आणि बघणाऱ्याला ती कुणाची ते कळत नाही. नोव्हेंबर २०२५मध्ये आपल्याकडे आलेल्या नव्या आधार अॅपमध्येही सगळं कार्ड न दाखवता निवडक तेवढंच दाखवायची सोय आहे. म्हणजे साधन आहे. नियमात मात्र कंपनीने हेच वापरलं पाहिजे, अशी सक्ती नाही. टोकन हा तीन पर्यायांतला एक, आणि कंपनीला सोयीचा पर्याय कुठला हे सांगायला ज्योतिषी नको. उलट माहिती आणि तिच्या वापराच्या नोंदी निदान एक वर्ष जपा, असं हेच नियम सांगतात. नेट कॅफेच्या वहीचीही मुदत तीच होती.

२४ ऑगस्ट २०१७ला नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्या पीठावर धनंजय चंद्रचूड आणि नागपूरचे शरद बोबडे हे मराठी न्यायमूर्तीही होते. हक्काला मुरड घालायची तर कायदा हवा, हेतू रास्त हवा, आणि उपाय हेतूच्या मापाचा हवा, ही कसोटी तेव्हा सांगितली गेली. मुलांचं रक्षण हा हेतू रास्त आहे, त्यात वाद नाही. अडतं ते मापावर. अनोळखी माणसाला मुलाशी खासगीत बोलता येऊ न देणं, अनोळखी खात्यांना मूळ मांडणीतच बंद ठेवणं, पैसे खर्च करायचं बटण पालकाच्या हाती देणं, तक्रार आल्यावर तासाभरात माणसाने ती बघणं, या सगळ्याला कुणाचंही ओळखपत्र लागत नाही. त्याला पैसा लागतो, माणसं लागतात आणि खेळाचा नफा थोडा कमी होतो. डिसेंबर २०२२मध्ये ‘फोर्टनाइट’च्या एपिक गेम्सने अमेरिकेत ५२ कोटी डॉलर मोजून सरकारशी तडजोड केली, ती मुलांची माहिती गोळा करण्यावरून, त्यांना नकळत खर्च करायला लावण्यावरून, आणि आवाजाच्या गप्पा मुळातच चालू ठेवल्या होत्या यावरून. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. बटण बंद ठेवायला कंपनीला मुलाचं वय माहीत असायची गरज नव्हती; सगळ्यांसाठीच ते आधी बंद ठेवता आलं असतं.

समजा २०२७नंतर रत्नागिरीतल्या एखाद्या मुलीचं ओळखपत्र अशाच एखाद्या ठेकेदाराच्या संगणकातून फुटलं. तिने जायचं कुठे? ऑगस्ट २०२५पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला आलं आहे, आंबा घाट चढला की पोचता येतं. पण माहिती संरक्षण कायद्याच्या विषयात दिवाणी दावा चालवायला न्यायालयांना मज्जाव आहे. तक्रार माहिती संरक्षण मंडळाकडे, ऑनलाइन. मंडळाने कंपनीला कोट्यवधींचा दंड केला तरी तो जमा होणार भारताच्या संचित निधीत. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ४३-अ कलमाखाली अशा निष्काळजीपणाबद्दल नुकसानभरपाई मागता येत होती, ते कलम हा नवा कायदा काढून टाकतो. मुलीच्या हाती एक रुपया येत नाही. आणि तिच्या धाकट्या भावाने बापाच्या नावाने खातं उघडलं असेल तर? माहिती देताना दुसऱ्याचं सोंग घेऊ नये हे याच कायद्याने नागरिकांवर घातलेलं कर्तव्य आहे. मोडलं तर दंड दहा हजार रुपयांपर्यंत.